ध्वनिसमकरण

ध्वनिसमकरण : ध्वनीच्या मुद्रणात, प्रेषणात किंवा पुनरुत्पादनात त्याच्या निरनिराळ्या कंप्रतांचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्यांचे) परस्परप्रमाण हेतुपुरस्सर बदलण्याच्या क्रियेस ध्वनिसमकरण म्हणतात. इंग्रजीत ही क्रिया इक्वलायझेशन या नावाने आणि ती करणारे साधन इक्वलायझर या नावाने ओळखले जाते. मराठीत या साधनास समकारक म्हणता येईल. वाहक तारा, कर्णा, सुई, चित्रपट्टी किंवा चुंबकीय फीत यांतून जाताना ध्वनीच्या काही कंप्रता क्षीण होतात व काही प्रमाणाबाहेर वाढतात. हा बिघाड दूर करून मूळचे प्रमाण पुन्हा ‘सम’ करणे हा समकरणाचा पहिला उद्देश होय. पुढे अनेक वाद्ये व कंठस्वर एकत्र मिसळताना प्रत्येकास स्वतःची जागा मिळवून देणे हा दुसरा उद्देश त्यास जोडला गेला. आज संगीताच्या मुद्रणात दोन्ही उद्देश एकाच साधनाने साधले जातात. त्यामुळे दुरुस्ती कोठे संपते आणि रंगरंगोटी कोठे सुरू होते, हा या विषयातील कळीचा प्रश्न ठरतो. महाराष्ट्रातील गेल्या सव्वाशे वर्षांच्या गायनाचे आजच्या श्रोत्यास होणारे ज्ञान बव्हंशी ध्वनिमुद्रिकांवरून झालेले असल्याने हा प्रश्न केवळ तांत्रिक राहिलेला नाही.

तत्त्व : कोणताही सांगीतिक स्वर हा एक मूलस्वर आणि त्याच्या पटीतील अनेक उपस्वर यांचा समूह असतो. मूलस्वरामुळे स्वराची उंची ठरते, तर उपस्वरांच्या कमीअधिक प्रमाणामुळे त्याची जाती ठरते. म्हणजेच तो सारंगीचा आहे, बासरीचा आहे की एखाद्या विशिष्ट गायकाचा आहे, हे कळते. मनुष्याच्या कानास साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्‌झ या मर्यादेतील कंप्रता ऐकू येतात. वयोमानाप्रमाणे वरची मर्यादा खाली येते. कानाची संवेदनक्षमता सर्व कंप्रतांना सारखी नसते. हार्व्ही फ्लेचर व डब्ल्यू. ए. मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समप्रबलता वक्रांवरून असे दिसून आले की, कान ३,००० ते ४,००० हर्ट्‌झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो आणि ध्वनी हळू असताना खर्जातील कंप्रता त्यास फारच कमी जाणवतात. म्हणून एकच मुद्रण हळू वाजविले असता ते पोकळ व मोठ्याने वाजविले असता ते भरदार वाटते.

प्रवर्तक वेटोळे, धारित्र आणि रोध यांच्या जुळणीने विशिष्ट कंप्रता अडविणारी वा पुढे जाऊ देणारी मंडले तयार होतात. त्यांना छानक म्हणतात. समकारक हा अशा छानकांचा समूहच होय. एखाद्या कंप्रतेत केलेली वाढ किंवा घट डेसिबल या एककात सांगतात. ६ डेसिबल वाढ म्हणजे परमप्रसर जवळजवळ दुप्पट होणे आणि ६ डेसिबल घट म्हणजे तो जवळजवळ निम्मा होणे होय.

दूरध्वनीतील उगम : समकरणाचा जन्म संगीतशाळेत झाला नाही, तर तो तारेवर झाला. लांब तारेतून जाताना उच्च कंप्रता नीच कंप्रतांपेक्षा अधिक क्षीण होतात व बोलणे घुमट, अस्पष्ट होते. ऑलिव्हर हेव्हिसाइड (१८५०–१९२५) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विकृतीचे गणित मांडले. अमेरिकेतील बेल संस्थेत ओटो झोबेल यांनी १९२० नंतरच्या दशकात तारेचा रोध न बदलता तिच्यातील तूट भरून काढणारी मंडले तयार केली, तर हेंड्रिक बोडे यांनी १९३८ मध्ये चल समकारकाचा अभिकल्प प्रसिद्ध केला. एका शहरातील कार्यक्रम तारेने दुसऱ्या शहरातील नभोवाणी केंद्राकडे पाठविताना अशी मंडले आवश्यक झाली. तारेच्या एका टोकास जे गमावले ते दुसऱ्या टोकास नेमके तेवढेच परत द्यावयाचे, या व्यवहारावरूनच ‘समकरण’ ही संज्ञा रूढ झाली. त्यात आवडीनिवडीस स्थान नव्हते.

कर्ण्याचे युग : टॉमस आल्वा एडिसन (१८४७–१९३१) यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ व एमील बर्लिनर (१८५१–१९२९) यांनी १८८७ मध्ये तबकडीचा ग्रामोफोन तयार केला. ग्रामोफोन कंपनीचे तज्ञ फ्रेड गैसबर्ग (१८७३–१९५१) यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान व इतर कलावंतांचे मुद्रण केले. त्यानंतर कंपनीच्या तज्ञांचे दौरे मुंबईसह देशाच्या इतर भागांतही होऊ लागले. या काळात विजेचा वापर नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी गावयाचे, त्याच्या आवाजाच्या जोराने पातळ पडदा कंप पावावयाचा आणि पडद्यास जोडलेल्या सुईने मेणाच्या तबकडीवर खाच उमटवावयाची, अशी ती पद्धत होती. या साधनाने ढोबळपणे २०० ते २,००० हर्ट्‌झ एवढाच पट्टा टिपला जाई. शिवाय कर्ण्याचे स्वतःचे अनुनाद त्यात मिसळत.

या मर्यादांचा परिणाम सर्वांवर सारखा झाला नाही. डग्ग्याचा मूलस्वर पट्ट्याच्या खाली राही, त्यामुळे ठेका बहुतांशी उजव्या तबल्यापुरताच उरे. तंबोऱ्याच्या जवारीतून निघणारे उच्च उपस्वर पट्ट्याच्या वर राहत, त्यामुळे तंबोरा जवळजवळ नाहीसाच होई. पल्लेदार व टोकदार आवाजाच्या गायकाचे मुद्रण ठसठशीत होई, तर मऊ व घुमारेदार आवाजाच्या गायकावर अन्याय होई. तज्ञाच्या हाती समकारक नव्हता, परंतु त्याचे काम करणारे उपाय होते. निरनिराळ्या आकारांचे कर्णे व निरनिराळ्या जाडीचे पडदे निवडणे, तार सप्तकात जाताना गायकास मागे सरकावयास लावणे, सारंगी जवळ व तबला दूर बसविणे हे ते उपाय होत. जागा आणि अंतर यांनी साधलेले हे समकरणच होते. आजही ध्वनिग्राहकाची (मायक्रोफोनची) जागा बदलणे हाच पहिला व सर्वांत निर्दोष समकारक मानला जातो.

अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांचे मुद्रण १९०५ मध्ये कर्ण्याच्या पद्धतीने आणि १९३० नंतरच्या दशकात ओडियन कंपनीसाठी विद्युत्‌ पद्धतीने झाले. बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्याही ध्वनिमुद्रिका दोन्ही पद्धतींच्या आहेत. एकाच गायकाचे दोन काळांतील मुद्रण ऐकताना जो फरक जाणवतो, त्यात वयाचा व साधनेचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे ठरविल्याखेरीज गायकीच्या विकासाविषयी केलेली विधाने डळमळीत राहतात.

विद्युत्‌ ध्वनिमुद्रण व तबकडीचे वक्र : जोसेफ मॅक्सफील्ड व हेन्री हॅरिसन यांनी बेल संस्थेत विकसित केलेली विद्युत्‌ मुद्रणपद्धती १९२५ मध्ये व्यापारी वापरात आली आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत भारतातही पसरली. ध्वनिग्राहक व विवर्धक यांमुळे टिपला जाणारा पट्टा ढोबळपणे १०० ते ५,००० हर्ट्‌झपर्यंत वाढला. हळू आवाजात, शब्दांना गोंजारून गाणे प्रथमच शक्य झाले. मराठी भावगीताचा उदय याच सुमारास झाला, हा निव्वळ योगायोग नव्हे. विदर्भातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेची गो. ना. जोशी यांनी गायिलेली व १९३२ च्या सुमारास निघालेली ध्वनिमुद्रिका भावगीताच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत अग्रगण्य मानली जाते. जोशी हे पुढे एचएमव्ही कंपनीच्या मुंबई शाखेत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले.

विद्युत्‌ मुद्रणात समकरण तबकडीच्या खाचेतच शिरले. एकाच प्रबलतेचा खर्जाचा स्वर खाचेत अतिशय रुंद वळणे घेतो व शेजारच्या खाचेस धडकतो. म्हणून ठराविक कंप्रतेच्या खालील स्वर मुद्रणाच्या वेळी मुद्दाम कमी केले जात व वाजविताना तेवढेच वाढविले जात. उलट, सुईच्या घासण्यामुळे होणारी खरखर उच्च कंप्रतांत असते. ती झाकण्यासाठी काही कंपन्या उच्च कंप्रता वाढवून मुद्रित करीत व वाजविताना त्या कमी करीत. हे प्रमाण दाखविणाऱ्या आलेखास मुद्रणवक्र म्हणतात. मुद्रणाचा वक्र आणि वाजविण्याचा वक्र एकमेकांचे अचूक व्यस्त असतील, तरच ध्वनी सम होतो.

अडचण अशी की, प्रत्येक कंपनीचा वक्र वेगळा होता. ॲलन ब्लुमलाइन (१९०३–४२) यांच्या कार्यावर आधारलेल्या इंग्लंडमधील ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत खर्जाची घट २५० हर्ट्‌झपासून सुरू होई व उच्च कंप्रता वाढविल्या जात नसत. अमेरिकेतील कंपन्यांची रीत निराळी होती. दीर्घवादी तबकड्या आल्यानंतर १९५४ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका उद्योगाच्या संघटनेचा, म्हणजेच आरआयएएचा, वक्र मान्य झाला आणि पुढे तो जगभर प्रमाण ठरला. या वक्रानुसार वाजविताना १,००० हर्ट्‌झच्या तुलनेत १०० हर्ट्‌झ सुमारे १३ डेसिबल वाढविले जातात, ५,००० हर्ट्‌झ सुमारे ८ डेसिबल आणि १०,००० हर्ट्‌झ सुमारे १४ डेसिबल कमी केले जातात.

या आकड्यांचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. २५० हर्ट्‌झच्या वक्राने मुद्रित झालेली जुनी तबकडी आजच्या प्रमाण विवर्धकावर वाजविली, तर १०० ते २०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात ४ ते ५ डेसिबल जादा भर पडते व ५,००० हर्ट्‌झशी सुमारे ८ डेसिबल अनाठायी कमी होतात. खरखर कमी झाल्याने ऐकणाऱ्यास बरे वाटते, परंतु गायकाच्या आवाजातील धार, श्वास व व्यंजनांचा कडा नाहीसा होतो. अशा फितीवरून वा तबकडीवरून ‘जुन्या पिढीचा आवाज मवाळ व गोल होता’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे विवर्धकाचा गुण गायकास चिकटविणे होय.

बोलपट व पुनर्ध्वनिमुद्रण : आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. पुढील वर्षी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट आला. प्रभातच्या ध्वनिमुद्रणाची बाजू संस्थापकांपैकी विष्णुपंत गोविंद दामले (१८९२–१९४५) यांनी सांभाळली. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली व १९३६ मध्ये तेथे संत तुकाराम हा चित्रपट तयार झाला. आरंभीच्या बोलपटांत गाणे अभिनयासोबतच मुद्रित होई. ध्वनिग्राहक चित्रचौकटीबाहेर ठेवावा लागे व वादकांना आडोशाला बसवावे लागे. १९३५ नंतर पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाली आणि गाण्यासाठी ध्वनिग्राहक गायकाच्या तोंडाशी आणता येऊ लागला.

चित्रपट्टीच्या कडेवर प्रकाशाने उमटविलेल्या ध्वनिरेषेत उच्च कंप्रतांचा खुसखुसाट असे. तो झाकण्यासाठी चित्रगृहातील ध्वनिक्षेपकांचा प्रतिसाद उच्च कंप्रतांत उतरता ठेवण्यात येई. अमेरिकेतील चलच्चित्र अकादमीने १९३८ मध्ये त्याचे प्रमाणीकरण केले. परिणामी, शब्द स्पष्ट यावेत म्हणून मुद्रकास २,००० ते ४,००० हर्ट्‌झचा पट्टा उचलून धरावा लागे. त्या काळातील चित्रपटगीते आज घरगुती यंत्रावर काहीशी टोकदार वाटतात, याचे एक कारण हे आहे. ती उतरत्या प्रतिसादाच्या सभागृहासाठी घडविलेली होती.

संवाद, गीते, पार्श्वसंगीत व इतर ध्वनी यांचे अंतिम मिश्रण करण्याच्या क्रियेस पुनर्ध्वनिमुद्रण म्हणतात. व्ही. शांताराम (१९०१–९०) यांनी १९४२ मध्ये मुंबईत परळ येथे स्थापन केलेल्या राजकमल कलामंदिरातील मंगेश देसाई हे या क्षेत्रातील अग्रणी होत. शोले (१९७५) यासारख्या लोकप्रिय चित्रपटाच्या पुनर्ध्वनिमुद्रणाशी त्यांचे नाव निगडित आहे. सत्यजित राय यांनीही आपल्या काही चित्रपटांसाठी त्यांचे साहाय्य घेतले. पुनर्ध्वनिमुद्रकाच्या दृष्टीने समकरण हे अवकाश वाटून देण्याचे साधन असते. संवाद चालू असताना पार्श्वसंगीताची प्रबलता सरसकट उतरविण्याऐवजी त्यातील बोलण्याच्या कंप्रतांचाच पट्टा थोडा कमी केल्यास संगीताचा भरदारपणा टिकतो व शब्दही कळतात.

समकारकाची उत्क्रांती : पीटर बॅक्झँडल यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेले खर्ज व तार यांचे दोन बटणांचे मंडल जगभरातील घरगुती विवर्धकांत आणि रेडिओंत वापरले गेले. मुद्रणकक्षांसाठी अमेरिकेत १९५१ च्या सुमारास पल्टेक हा निर्वात नलिकांवर चालणारा समकारक आला. अनेक सरकत्या दांड्यांनी निरनिराळे पट्टे वाढविणारा वा घटविणारा आलेखी समकारक चित्रपटकक्षांत वापरात आला. जॉर्ज मॅसनबर्ग यांनी १९७२ मध्ये प्राचलीय समकारकाचे वर्णन केले. त्यात मध्यकंप्रता, पट्ट्याची रुंदी आणि वाढ वा घट या तीनही गोष्टी स्वतंत्रपणे बदलता येतात. अंकीय संस्करणामुळे हेच कार्य आता संगणकावरील गणनेने होते. साधन स्वस्त व सर्वत्र उपलब्ध झाले असून त्याचा अतिरेकही तितकाच सुलभ झाला आहे.

नभोवाणी, ध्वनिक्षेपक व विदर्भातील श्रोता : समकरणाचा विचार मुंबई–पुण्याच्या मुद्रणकक्षापाशी थांबत नाही, कारण बहुसंख्य श्रोते त्यांच्या भिंतींबाहेर होते. वर्धा–नागपूर लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) हे सेलू तालुक्यातील गाव यादृष्टीने प्रातिनिधिक मानता येईल. या परिसरात संगीत पोहोचले ते मुख्यतः तीन मार्गांनी : १९४८ मध्ये सुरू झालेले आकाशवाणीचे नागपूर केंद्र, उत्सवांतील ध्वनिक्षेपक आणि पुढे ध्वनिफिती.

मध्यम लहरींवरील प्रक्षेपणात शेजारच्या केंद्रांत केवळ ९ किलोहर्ट्‌झ अंतर राखलेले असल्याने साध्या ग्राहीवर (रेडिओवर) सुमारे ४,५०० हर्ट्‌झच्या वरचे फारसे काही उरत नाही. विदर्भातील भजनाचे प्रमुख वाद्य खंजिरी होय. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांच्या खंजिरी भजनांनी ते घराघरांत नेले. खंजिरीच्या ध्वनीचे दोन भाग असतात. एक चामड्याचा, तो बहुतांशी १,००० हर्ट्‌झच्या खाली आढळतो. दुसरा झांजांचा, त्याचा मोठा हिस्सा ४,००० हर्ट्‌झच्या वर असतो. मध्यम लहरींवर झांजांचा बराचसा भाग गळून पडतो. अशा प्रक्षेपणासाठी मुद्रण करताना झांजा वाढविण्यात अर्थ नसतो, कारण वाढविलेला भाग पोहोचतच नाही व विवर्धकावर मात्र ताण येतो. त्याऐवजी चामड्यावरील थापेचा ८०० ते २,००० हर्ट्‌झचा भाग किंचित उचलल्यास ताल स्पष्ट होतो. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ मध्ये नागपूरहून १ मेगावॉट शक्तीच्या प्रेषकावरून सुरू झाली होती. तथापि शक्ती वाढल्याने पल्ला वाढतो, पट्टा वाढत नाही.

सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. पोळा, गणेशोत्सव, सप्ताह अशा प्रसंगी खुल्या जागेत कर्ण्याच्या आकाराचे ध्वनिक्षेपक दीर्घकाळ वापरले गेले. अशा कर्ण्यातून साधारणपणे ३०० हर्ट्‌झच्या खालचे व ६,००० हर्ट्‌झच्या वरचे ध्वनी नीट निघत नाहीत. त्यास खर्ज वाढवून दिला तर तो ऐकू येत नाही, उलट त्याचा पडदा मात्र निकामी होतो. म्हणून कर्ण्याकडे जाणाऱ्या मार्गात खर्ज कापणारा छानक ठेवणे हेच योग्य समकरण होय. ध्वनिक्षेपकाचा आवाज पुन्हा ध्वनिग्राहकात शिरून होणारी शिट्टी ही एका विशिष्ट कंप्रतेवर होते. तो अरुंद पट्टा शोधून ३ ते ६ डेसिबल कमी केल्यास एकूण आवाज न उतरविता शिट्टी थांबते. आलेखी समकारकाचा खेड्यापाड्यांतील खरा उपयोग हाच आहे.

मराठीच्या उच्चारांचा प्रश्न येथे विशेषत्वाने उद्भवतो. ‘चहा’मधील तालव्य च आणि ‘चमचा’मधील दंत्य च यांतील भेद मुख्यतः घर्षणध्वनीच्या कंप्रतेचा आहे. तालव्य घर्षणाचा जोर साधारण २,५०० ते ४,००० हर्ट्‌झच्या आसपास असतो, तर दंत्य घर्षणाचा त्याहून वर असतो. ज व झ यांचेही तसेच आहे. उच्च कंप्रता ४,५०० हर्ट्‌झशी कापल्या म्हणजे हा भेद पुसट होतो आणि श्रोत्यास तो संदर्भावरून ओळखावा लागतो. सुगम संगीतात, भजनात व लावणीत शब्द हाच प्राण असल्याने मराठी गीताच्या समकरणात ४,००० ते ७,००० हर्ट्‌झचा पट्टा जपावा लागतो. तो अतिरेकाने वाढविला तर स व श बोचू लागतात.

प्रभावी वापराची तत्त्वे : भारतीय संगीताच्या मुद्रणात व मिश्रणात पुढील गोष्टी अनुभवसिद्ध ठरल्या आहेत. (१) दोष शक्यतो उगमाशीच दूर करावा. दिशिक ध्वनिग्राहक तोंडाच्या फार जवळ आणल्यास खर्ज फुगतो. अशा वेळी समकारकाकडे वळण्यापूर्वी अंतर वाढवून पाहावे. त्यानंतरही घुमारा उरला, तर ८० ते १०० हर्ट्‌झच्या खालील भाग कापावा. (२) वाढविण्यापेक्षा घटविणे श्रेयस्कर असते. गाणे तंबोऱ्यात बुडत असेल, तर कंठस्वर वाढविण्याऐवजी तंबोऱ्याचा १,००० ते ३,००० हर्ट्‌झचा भाग २ ते ३ डेसिबल उतरवावा. जवारीची चमक त्याहून वर असल्याने ती टिकते. (३) घट अरुंद पट्ट्यात व वाढ रुंद पट्ट्यात करावी. अरुंद पट्ट्यात केलेली वाढ एखादाच स्वर पुढे आणते व रागाच्या स्वरसंगतीस धक्का देते. (४) तबल्याच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. चंद्रशेखर व्यंकट रामन (१८८८–१९७०) व त्यांच्या सहकाऱ्याने १९२० मध्ये दाखविले की, पुडीवरील शाईमुळे या वाद्याचे उपस्वर सामान्य पडद्याप्रमाणे विसंवादी न राहता पटीत येतात. तबल्याचा सुरेलपणा त्या प्रमाणांवर अवलंबून असतो. ठोसा वाढविण्याच्या नादात एकच पट्टा उचलला तर तबला सुरातून निघाल्याचा भास होतो. (५) बदल केलेला व न केलेला ध्वनी समान प्रबलतेवर ताडून पाहावा. नुसता मोठा झालेला ध्वनी कानास चांगला वाटतो व फसवणूक होते. (६) छानक जितका तीव्र उताराचा, तितका तो स्वराच्या आरंभीचा आघात विकृत करतो. सतार व तबला यांवर तीव्र छानक टाळावेत. (७) अंतिम मिश्रण मोठ्या व लहान अशा दोन्ही ध्वनिक्षेपकांवर आणि हळू आवाजातही ऐकावे. जे फक्त मुद्रणकक्षातच चांगले वाटते, त्याचे समकरण झाले असे म्हणता येत नाही.

फीत व तिचा काळ : १९६३ मध्ये आलेल्या बंदिस्त ध्वनिफितीने (कॅसेटने) १९७५ ते १९९० च्या दरम्यान भारतीय बाजारपेठ व्यापली. लहान गावांतील भजनी मंडळे, कीर्तनकार व लोककलावंत यांचे मुद्रण प्रथमच मोठ्या प्रमाणावर झाले. साध्या लोहयुक्त फितीसाठी १२० व क्रोमयुक्त फितीसाठी ७० मायक्रोसेकंद असे दोन समकरण कालांक ठरलेले होते. एका पद्धतीने मुद्रित केलेली फीत दुसऱ्या पद्धतीने वाजविल्यास उच्च कंप्रतांत सुमारे ४ डेसिबलचा फरक पडतो. फितीवरील या कालांकाची नोंद न ठेवता तिचे अंकीय रूपांतर करणे म्हणजे पुढील दुरुस्तीचा आधार नाहीसा करणे होय.

जुन्या ध्वनींचे जतन : मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेने जुन्या तबकड्यांच्या याद्या, माहिती व श्रवण यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००४ मधील मार्गदर्शिकेने कमीत कमी ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट या प्रमाणाने मुद्रण करावे, रूपांतरातील प्रत्येक निवडीची नोंद ठेवावी व मूळ संकेतात सौंदर्यासाठी बदल करू नयेत, असा आग्रह धरला आहे. यातून पुढील कार्यपद्धती निष्पन्न होते. तबकडीच्या कंपनीवरून व क्रमांकावरून तिचा काळ व वक्र ठरवावा, योग्य जाडीची सुई वापरावी, गायकाच्या षड्‌जावरून व वाद्यांच्या सुरावरून फिरण्याचा वेग तपासावा, व्यस्त वक्र लावावा आणि खरखर काढण्याचे काम अगदी शेवटी, वेगळ्या प्रतीवर करावे.

केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचे भैरवीतील गायन १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर पाठविलेल्या सुवर्ण तबकडीत समाविष्ट आहे. त्या तबकडीच्या आवरणावर ती ३.६ सेकंदांत एक फेरा या वेगाने फिरवावी, असे चित्ररूपाने दर्शविलेले आहे. अनोळखी श्रोत्यास ध्वनी यथार्थपणे ऐकवावयाचा तर तो कसा वाजवावा हेही सांगावे लागते, याची ती खूण होय. मिरज, कोल्हापूर, गोवा व विदर्भ येथील कलावंतांच्या घरोघरी पडून असलेल्या तबकड्यांना व फितींना मात्र असे आवरण नाही. त्यांच्यासाठी ती माहिती आजच लिहून ठेवावी लागेल. मेणाच्या व लाखेच्या तबकड्या झिजतात, फितीवरील चुंबकीय थर सुटतो आणि एकदा चुकीच्या वक्राने रूपांतर होऊन मूळ वस्तू टाकून दिली गेली की, गमावलेल्या कंप्रता कोणत्याही समकारकास परत आणता येत नाहीत. समकारक उरलेल्याचे प्रमाण बदलू शकतो. नसलेले तो निर्माण करू शकत नाही.